कर्ता कुठे आहे

महाप्याला, कुरिअरच्या गोदामावर तिसरा मजला,
शनिवारी साडेपाच ते आठ.
एसी ठिबकतो, त्याच्याखाली रंगाची जुनी बादली.
टिपणीस मॅडम फळ्यावर एकच वाक्य लिहितात :
बटण दाबले असता रक्कम वर्ग करण्यात येईल.
मग आमच्याकडे वळून विचारतात,
कोण दाबणार? कोण करणार?
वाक्यातला कर्ता कुठे गेला?

आम्ही अकरा जण.
कोणी औषधांची लेबलं तपासून कंटाळलेला,
कोणी कॉल सेंटरात घसा बसवून आलेली.
मी घणसोली गावातली, बी.ए. मराठी,
सहा वर्षं झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यांचे अर्ज टाइप केलेली.
'विनंती विशेष' माझ्या बोटांना पाठ.
मॅडमनी माझ्या पहिल्या पानावरचं 'सदर' खोडलं, 'उपरोक्त' खोडलं,
'कृपया' चारदा होतं, एक ठेवलं.
म्हणाल्या, माणूस रिक्षात बसलाय, मांडीवर पिशवी,
स्क्रीन चार बोटांची.
तुझी नम्रता वाचायला त्याला सिग्नलपुरता वेळ आहे.

सगळे हसले, मीही.
रात्री मात्र ते 'सदर' डोक्यातून जाईना.

मी नववीत होते तेव्हा आमच्या भिंतीवर
लाल रंगात एक आकडा आला,
आणि त्याच्या मागोमाग कागद :
सदर अवैध बांधकाम निष्कासित करण्यात येईल.
बाबांनी तो माझ्याकडे दिला, घरात शिकलेली मीच.
निष्कासित म्हणजे?
पाडणार, मी म्हटलं.
कोण?
मी कागद उलटा करून पाहिला.
मागे कोरा होता.
पुढे शिक्का, आणि त्याखाली न लागणारी सही.

घर उभं आहे अजून.
दर दिवाळीला बाबा चुना मारतात,
शिमग्यापर्यंत आकडा परत वर येतो.

गृहपाठ मिळाला : पैशांच्या ॲपमधले चुकीचे संदेश.
मूळ यादीत कोणीतरी लिहून ठेवलेलं, अवैध रक्कम.
मॅडमचा नियम, आधी माणसाला दाखवा, मग मला.
मी चांगुणाकाकीला गाठलं,
दुपारी, बाजार उतरल्यावर.
तिने हात पदराला पुसले तरी
मांदेलीचा एक खवला काचेवर चिकटलाच.
दोनशेच्या पुढे बोट घसरलं, शून्यांवर शून्यं पडली.
अवैध रक्कम.
काकीने फोन अंगापासून लांब धरला.
"आता मी काय केला गो?
घराचा कागद आला तवा पण ह्योच शब्द व्हता."
फोन माझ्या हातात कोंबून
ती पाठ फिरवून बर्फ फोडायला लागली,
लागेल त्याहून जास्त.

तिथेच टोपलीच्या काठावर वही टेकवून लिहिलं :
वापरकर्ती घाबरली.
खोडलं.
आम्ही वापरकर्तीला घाबरवलं.
कर्ता सापडला होता. त्याच्या हातात माझंच पेन होतं.

पुढच्या शनिवारी मी नवा संदेश नेला :
आकडा मोठा झाला आहे. शून्यं मोजून पुन्हा टाका.
काळजी नको, पैसे तुमच्याकडेच आहेत.
मॅडम म्हणाल्या, पन्नास अक्षरांची चौकट आहे, शेवटचं वाक्य काढ.
मी म्हटलं, दुसरं काहीही काढा.
आठ वाजून गेले, वॉचमन दिवे मालवत आला,
आम्ही दोघी अजून अक्षरं मोजत.
शून्य जास्त पडलं. पैसे तुमच्याकडेच आहेत.
बसलं. वर थोडी जागाही उरली.

काकीने वाचलं, म्हणाली, "हां",
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

काल बाबांनी विचारलं,
एवढी फी भरून शिकतेस तरी काय?
वाक्यं लहान करायला, मी म्हटलं.
ते उठले. कपाटातल्या दुधाच्या पिशवीतून
घडीवर फाटलेला तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला,
आणि चष्मा पुसत बसले.

'करण्यात येईल'खाली मी पेन्सिलने रेघ ओढली.
समासात लिहिलं :
कोण?