एका कार्यक्रमाच्या दीडशे बिड्या

दत्तनगरातल्या आमच्या खोलीत घड्याळ नव्हतं.
रेडिओ होता. त्याच्या काचेवर, काटा थांबायचा तिथे,
अम्माने बिडीचा लाल दोरा चिकटवलेला:
इथून हलवायचा नाही.

ती वेळ विचारायची नाही, बिड्या मोजायची.
बाजारभाव म्हणजे साठ.
गिरणीकामगारांचा कार्यक्रम दीडशे,
मधे नाटुकलं असलं तर एकशे तीस,
कारण हसताना सुपातली तंबाखू सांडायची.
मंगळवारी पंधरा मिनिटं तेलुगू.
तेव्हा हात थांबत.
तेवढा तोटा ती मुकाट सोसायची.

मग भोंगे बंद झाले, एकेक करून.
कार्यक्रमाचं नाव काही महिने तेच राहिलं.
निवेदक सुरवसे एकदा
'कामगार बंधूंनो' म्हणून थांबले, खोकले,
आणि तो खोकला फार लांबला.
पुढच्या सोमवारपासून त्या वेळेला फर्माइशी.

फर्माइशींत अम्माचा हिशेब बसेना.
एक गाणं तीन बिड्यांचं, एक सातांचं,
नावांची यादी त्याहून लांब:
नई जिंदगीतून शब्बीर, नूरजहाँ आणि घरची सगळी मंडळी.
कारखान्यात छाट वाढली.
तिने पोस्टकार्ड घातलं, माझ्या अक्षरात:
'गाणी लावा, पण सारख्या मापाची लावा.'
ते वाचलं गेलं. गल्लीभर हसू.
अम्मा म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे?

पुढे दिल्ली बोलू लागली, मुंबई बोलू लागली.
तेलुगू मंगळवार गेला
हे आम्हाला तिसऱ्या मंगळवारी कळलं.

नंतर केंद्रच दुसऱ्या लहरीवर गेलं.
मी मोबाईल तिच्या कानाशी धरला:
बघ, कसा धुतल्यासारखा आवाज.
ती ऐकत राहिली.
'चांगलाय. पण अक्कलकोटकडे वीज पडली
की आपला रेडिओ खर्र करायचा.
हा काही सांगतच नाही.'

मध्यम लहर थांबली त्या संध्याकाळी
तिने जुनाच रेडिओ लावला. काटा दोऱ्यावर.
नुसती खरखर.
सूप मांडीवर ओढून म्हणाली,
'हा कार्यक्रम किती वेळ असतो?'
मी म्हटलं, अम्मा, हा संपत नाही.
'मग आज हजार होतील,'
म्हणाली, आणि कात्री शोधू लागली.