नमुना

झाकणाचा डबा त्यांनी पुढं सरकवला.
वर माझं नाव, वय आणि एक नंबर.
सहा वर्षं हेच काम केलंय मी, उलट्या बाजूनं:
बोरामणीच्या गोठ्यात पहाटे साडेपाचला
म्हशीच्या मागं वाडगं धरून,
शेपटीखाली हलकी बोटं फिरवत,
"सोड बाई, सोड की आता."

मला तसं कुणी म्हणालं नाही.
नव्या पेठेतल्या लॅबच्या संडासात
नळ बांधून ठेवलेला,
भांड्यात निळं पाणी, म्हणजे कुणी त्यातलंच भरू नये.
बाहेर एक पोरगी उभी, मोबाईल बघत,
माझा आवाज ऐकण्याची नोकरी तिची.

बिराजदार डॉक्टर सरळ माणूस.
"तुमच्यावर संशय नाही, गड्डम मॅडम.
पण कपाटातल्या बाटल्या मोजून घ्यायची वेळ आली माझ्यावर.
आता जो येईल त्याची आधी तपासणी."
मग पेन शोधत बसले, खिशातच असलेलं.

जो गेला त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.
मी शिवशरणला ओळखते.
चवताळलेलं मांजर टॉवेलात कसं गुंडाळायचं
ते त्यानंच शिकवलं मला, शिबिरात, कुंभारीला.
"नरडं नाही बे धरायचं, भीती धरायची," म्हणाला होता.
होटगी रोडच्या त्या दवाखान्यात
शेवटचं इंजेक्शन द्यायचं असलं की
कुत्र्याचं डोकं त्याच्याच मांडीवर.
मालक बाहेर गाडीत रडायचे.
तो आत.
बाटलीच्या तळाशी थोडं उरायचं.

फॉर्मवर विचारलं होतं, गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं.
रविवारी मटणाच्या वाटणात खसखस होती.
लिहू की नको?
लिहिली. खाडाखोड केली. परत लिहिली.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली,
तेंदूच्या पानात तंबाखू, बोटाचा वेढा, दोरा.
चाळीस वर्षं तिच्या बोटांना तोच वास,
माझ्या डब्यातल्या कडक भाकरीलाही.
ओढली मात्र आमच्यात कुणीच नाही कधी.
मी सांगितलं तशी हसली.
कारखान्यात रोजच तिचा नमुना काढतात:
जुडीतून मूठभर बिड्या उचलायच्या, दाबायच्या,
सैल निघाली तर अख्खी जुडी छाट.
जाताना पिशवी उलटी करून बघतात.
"तुला एकदाच विचारलं की गं," म्हणाली,
आणि कात्रीनं पान कापत राहिली.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. काहीच सापडलं नाही.
एवढ्या सगळ्या नावांपुढं "नाही, नाही, नाही" वाचताना
उगाच वाटलं, थोडं काहीतरी सापडायला हवं होतं,
निदान खसखस.

पहिल्या दिवशी चावी दिली कपाटाची, आणि रजिस्टर.
तारीख, जनावर, वजन, किती काढलं, किती शिल्लक.
शिवशरणचं अक्षर, मोत्यासारखं,
शिल्लकेचा आकडा दोनदा गिरवलेला.
मार्चपासून ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.
एका पानावर नुसतंच "राजा, लॅब्राडोर, १३ वर्षं."
पुढं सगळे रकाने कोरे.

अकराला विजापूर रोडवरून एक म्हातारी कुत्री आणली.
मागचे पाय ओढत होती.
मी मांडी घातली.
डॉक्टरांनी औषध भरलं, माझ्याकडं न बघता.
नंतर बाटलीत अर्ध्या मिलीहून कमीच उरलेलं,
उजेडात धरलं तर पाण्यासारखं.
"फेकताना दोघांच्या सह्या लागतात," मी म्हणाले.
डॉक्टर फोनवर होते.
रजिस्टरवर त्यांनी मान न वळवता सही केली,
आणि बेसिनशी मी एकटीच,
बाटली हातात,
नळ उघडा.

ओतलं.
मांडीवर तिचे केस होते, पांढरे.
झटकले तरी जात नव्हते.