पान त्रेचाळीस

राजवाड्यामागच्या रद्दीवाल्याकडे
तराजूत पडायच्या आधी हाताला लागलं :
'रानातला निवारा : बांधणी व डागडुजी'.
लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं,
वाचनालयाचा जांभळा शिक्का,
त्यावर आडवं 'बाद'.

आधी उतार पाहावा, मग मुंग्यांची वाट.
दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवू नये.
ही वाक्यं मला अजून पाठ आहेत,
नवऱ्याचा नंबर नाही.

यवतेश्वरच्या उतारावर मी आणि दिलावर मुलाणी.
कारवीच्या काठ्या, त्याच्या अब्बांचा कासरा.
तीन भिंती उभ्या राहिल्या.
छपरासाठी अख्खं पुस्तक कोण वर नेणार?
म्हणून मी पान फाडलं.
ते स्कर्टच्या खिशातच राहिलं,
धुण्यात त्याचा लगदा झाला.

आता बेचाळीसनंतर थेट पंचेचाळीस.
फाटक्या कडेशी कुणीतरी पेन्सिलीनं :
"छपराचं पान कुणी ढापलं?"
खाली दुसरं अक्षर : "आमालापण पायजे."
आणि मग, शाईत, तिसऱ्याच कुणीतरी
पट्टीशिवाय काढलेलं छप्पर.
उतार चुकलाय, दोन्हीकडचं पाणी आत येणार,
पण बाण काढून लिहिलंय :
"हितं पोतं टाका.
आमचं आठ दिवस टिकलं."

आमचं एकही नाही.

"ताई, अर्धा किलो भरतंय, दहा द्या."
मी पन्नासची नोट दिली.
सुटे नव्हते त्याच्याकडे.
मी पेन्सिल मागितली.