तर्री पोहे आणि दीपगृह

कुठल्याही समुद्राला पाठ करून बसलेल्या या शहरात,
झिरो माइलच्या खांबापासून सायकलने सतरा मिनिटांवर,
धोबळे सरांच्या टायपिंग क्लासमागच्या खोलीत
आमचं एक बंदर होतं.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस डिग्री,
डांबर चपलेला सोडत नसे.
आत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर
जुन्या गलबतासारखा करकरायचा,
टाकीतलं पाणी डुचमळलं की
भूपेश म्हणायचा, पाह्य, भरती आली.

पडद्यावर मात्र कायमची निळी रात्र.
धक्क्यावर एक कंदील,
आणि चाच्यांच्या जहाजावर चुकून चढलेला
एक किडमिडीत कारकून.
(चाचे म्हणजे कोणाचे काका, असं मी विचारलं होतं.
भूपेश दोन दिवस हसत होता.)

खाली आठ क्रियापदं:
उघड, ढकल, ओढ, उचल, दे, बघ, बोल, वापर.
त्यांचे अर्थ मी भूगोलाच्या वहीत मागून लिहिले होते.
कारकुनाच्या खिशात सगळं मावायचं,
शिडी, अर्धं कलिंगड, नांगराचा दोर, दाढीचा साबण.
त्याला कुणी विचारत नसे, खिसा का फुगलाय.

चाचे बोलायचे इंग्रजीत.
मी सातवीत, भूपेश नववीत,
म्हणजे इंग्रजी त्याच्याकडे.
तो पडद्याला नाक लावून वाचायचा:

"अबे भैताडा, माह्या तोफेवर बनियन वाळू घालून राह्यला?"
"बेटावर खजिना नाई बाप्पा, मालकाची उधारी हाय."
"बुडवतं तं बुडव, पण जेवण झाल्यावर."

मी हसून खुर्चीवरून पडायचे.
भिंतीपलीकडून धोबळे सर:
"टायपिंग चालू आहे ना रे?"
हाव सर. चालू हाय सर.

मग आलं दीपगृह.
दारात एक म्हातारा, दार सोडेना.
शिडी दिली, कलिंगड दिलं,
दोराला साबण लावून दिला.
दर वेळी तो तेच एक वाक्य बोलायचा.
काय म्हणतो रे?
भूपेश जरा वेळ गप्प राहिला.
"म्हंते, तर्री पोहे आन."

अख्खा मे आम्ही त्या बेटावर पोहे शोधले.
प्रत्येक पिंप उघडलं, प्रत्येक माकड ढकललं.
एका खानावळीत रस्सा सापडला, पण नुसता.
दोनदा वीज गेली आणि
होतं नव्हतं ते सगळं बुडालं.
जूनमध्ये सरांनी कॉम्प्युटर विकला.

परवा तो खेळ पुन्हा मिळाला.
आता चाच्यांना आवाज आहेत, खर्जातले, महागडे.
आता इंग्रजी माझ्या पोटापाण्याचं.
कप्तान तोफेजवळ आला, म्हणाला,
आज वारा बरा आहे.
बनियनचं नावच नाही.
उधारीचं नाही.
मी तीन तास खेळले,
दोनदा हसले असेन.

दीपगृहाचा म्हातारा म्हणाला,
पोरा, मला कमी ऐकू येतं, चारदा बोल.
मी चारदा "बोल" दाबलं.
दार उघडलं.

फोन केला. गांधीबागेत त्याचं दुकान,
कूलरच्या ताट्या, पंप, टाक्या.
म्हटलं, म्हातारा बहिरा होता रे.
"कोनता म्हातारा?"
म्हटलं, तुला इंग्रजी येत होतं ना?
"मले? कायचं इंग्रजी वं.
नववीत दोनदा तेच्यातच गेलो मी."
मागे कुणीतरी वाळ्याचा भाव पाडत होतं.
"तू हसत होती न वं.
मंग बंद कसं करू?"

मी आवाज बंद केला. खेळ पहिल्यापासून लावला.
कप्तानाने तोंड उघडलं.
वाच, मी म्हटलं.
"अवं मले इथून दिसून नाई राह्यलं."
तेव्हा तरी कुठे दिसत होतं.
तो खाकरला. गिऱ्हाइकाला म्हणाला, थांबा जी दोन मिनिटं.