सकाळी सातची नोंद

हवामान कसं आहे विचारलं की व्हर्नेल म्हणते,
मिठाच्या बाटलीत थोडे तांदूळ टाक,
आणि जाळीचं दार फुगलंय, खांद्यानं ढकल.

अलाबामातल्या टॅलोबा काउंटीत ऑगस्ट
अंगावरून उतरत नाही.
दोरीवरचा टॉवेल काल ओला होता, आज ओलसर आहे;
कुडझूच्या वेलीनं जुना ट्रॅक्टर
स्टिअरिंगपर्यंत गिळलाय.

एकतीस वर्षं डेल्मर मोजायचा पाऊस:
पेकनच्या झाडापासून लांब, उघड्यावर रोवलेलं नळकांडं,
आत बुडवायची पट्टी, खाकी वही.
बुधवारी दुपारी वादळाचा भोंगा वाजतो, नुसती चाचणी,
तरी कुत्रं पलंगाखाली जातं.

आता ती मोजते. त्याच्याच रबरी बुटांत,
मोज्यांवर मोजे चढवून.
आज पट्टी कोरडी निघाली,
पण नळकांड्याच्या काठाला थेंब होते चार-दोन.
अशा पावसाला आकडा नसतो.
डेल्मरनं शिकवलं होतं: शून्य लिहायचं नाही,
लिहायचं, ‘लेशमात्र’.

ती लिहिते.
तारखेकडे बघत राहते जरा वेळ,
आणि वही उघडीच ठेवते,
पानं दमट आहेत म्हणून.