लवंगी

घरी आली त्याच आठवड्यात
वेणीच्या पट्ट्यांचा तिनं चोथा केला.
निपाणीच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर, सात नंबर.
मी म्हटलं, मिरची आहे नुसती,
आणि नाव पडलं लवंगी.

सुभाषनगरात चामडं कुरतडलं नाही
असं कुत्रं नसेल. हिला मात्र
बाभळीच्या सालीत मुरलेलंच लागायचं.
रबरी सोलला तोंड लावायची नाही.

तेरा वर्षं झाली.
श्रावणापासून तोंडाला वास.
कातड्याच्या कुंडाचा वास मी झोपेतही ओळखते,
हा तसा नव्हता.
भाकरीचा तुकडा एका बाजूनं चघळायची,
मग खाली ठेवून माझ्याकडं बघायची,
जसा काही माझ्यासाठीच राखलाय.
मी म्हणत राहिले, वय झालं.
माझ्या डाव्या दाढेलाही
तीन वर्षं हेच सांगत आलेय.

शिरगुप्पे डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला.
तपकिरी कीटण, हिरडीला लाल कड.
"वय म्हणजे आजार नव्हे, आक्का.
दुखतंय तिला. सांगत नाही, एवढंच."
मी विचारलं, लवंगतेल लावू?
"अजिबात नको. सोसायचं नाही.
आपली पेस्टसुद्धा नको."
बघा की, नाव लवंगी आणि लवंग चालत नाही.

रक्त तपासलं, काळजाचे ठोके ऐकले.
म्हाताऱ्या कुत्र्याला भूल द्यायची
तर आधी किडनी बघावी लागते, म्हणाले.
नऊ जोडांची मजुरी गेली.
चार दाढा निघाल्या.
पुडीत बांधून दिल्या, का कोण जाणे,
आरीच्या डब्यात ठेवल्यात.
रिक्षात मांडीवर निजलेली, जीभ बाहेर,
रंकाळ्याच्या वळणावर तिनं एक डोळा उघडला
आणि मी रिक्षावाल्याला उगाच
हळू चालव म्हणून ओरडले.

आता रात्री पट्ट्या आवरल्या
की बोटाला मऊ फडकं गुंडाळते.
कोंबडीच्या चवीची पेस्ट, वाटाण्याएवढी.
आतली बाजू ती करू देत नाही.
मी थांबते.
कोरडं चामडं ओढलं तर तडकतं,
ओलं होऊ द्यावं लागतं.

काल खाली पडलेली पट्टी तिनं उचलली.
चावली नाही.
दोन पंजांत धरून, डोळे मिटून
चोखत बसली, बराच वेळ.
पट्टी सात नंबरची होती.
मी दुसरी कापली.