पायांना कळतं

आज ओहोटी साडेसहाची.
कॅलेंडरात नाही, मागच्या दारातून पाहिली:
सांतानची होडी खुंटाशी
एका कुशीवर कलंडलेली.
पाटी घेतली, लुगडं खोचलं,
कर्लीच्या खाडीत उतरले.

तिसऱ्या डोळ्यांनी सापडत नाहीत.
पाणी चहाच्या रंगाचं, गुडघ्याच्या वर.
आपण नुसतं चालायचं,
अंगठा चिखलात रुतवत,
कठीण काही लागलं की थांबायचं.
दगड असेल. रिकामा शिंपला असेल.
जिवंत तिसरी वेगळी लागते.
वेगळी म्हणजे कशी,
ते सासूला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
"पायांक कळता गो. तू चल."
पिएदाद तिचं नाव.
तिच्या तेर्साचे मणी झिजून
मिरीएवढे झाले होते.

रविवारी फादर म्हणाले, देव सर्वत्र आहे.
मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?
पण सोमवारी पहाटे
रॉयस्टनच्या जहाजावर फोन लागेना,
आठवा दिवस,
एजंट म्हणाला, रेंज नसेल मावशी,
तेव्हा त्या 'सर्वत्र'ला
धरायला कुठे कड सापडेना.
मी विचारलं, सर्वत्र ठीक आहे,
पण इथे, चुलीच्या या बाजूला,
दूध वर येतंय तिथे, आहेस का?
उत्तर आलं नाही.
दूध उतू गेलं.
शेगडी पुसली.

खरं सांगते, मला कधी आवाज आला नाही.
रोझलीनला येतो.
ती डोळे मिटते आणि तिला उजेड दिसतो.
मी डोळे मिटले की मला झोप लागते,
दुसरं रहस्य संपायच्या आतच.
याची लाज वाटायची.
वर्षानुवर्षं वाटायची.

आज अर्धी पाटी भरली,
पुढचं पाऊल टाकणार, आणि थांबले.
पायाला काही लागलं नव्हतं.
फक्त घोट्याशी पाणी गार झालं,
एकाएकी, सावली पडावी तसं.
वाळूवाल्यांनी तळ उकरून ठेवलाय तिथे,
माणूसभर खोल.
याला चमत्कार म्हणू नका.
खड्ड्याचं पाणी गारच असतं,
चाळीस वर्षं चाललेल्या पायाला ते कळतं.
पण मी तशीच उभी राहिले,
एक पाय उचललेला, बगळ्यासारखी,
आणि मनात आलं,
तू मला असाच तर माहीत नाहीस?
डोळ्याला नाही, कानाला नाही,
घोट्याला.

बोस्त्याव बोलत नाही,
पण रोज रात्री माझा फोन
न सांगता चार्जिंगला लावतो,
वायर तुटकी आहे म्हणून
खाली मिस्सलाचं जाड पुस्तक ठेवतो.
शेवंती धुरी, तिचा देव वेगळा,
गडग्यापलीकडून रोज विचारते,
"फोन इलो?"
नाही म्हटलं की कोथिंबिरीची जुडी टाकून जाते.
मला कोथिंबीर नको असते.
मी घेते.
ती हातात वेगळी लागते.
दगडासारखी नाही, रिकाम्या शिंपल्यासारखी नाही.

घरी येऊन तिसऱ्या मिठाच्या पाण्यात घातल्या,
वाळू सोडायला.
मग सरळ मागितलं, आडवळण न घेता:
त्याला फोन करू दे.
मोठमोठ्या गोष्टी नंतर बोलू.

रात्री अकरा. फोन आला नाही.
बोस्त्याव घोरतोय.
अंधारात टोपात
एकेक तिसरी तोंड उघडतेय:
टिक.
मग बराच वेळ काही नाही.
मग टिक.
हा काही आवाज म्हणायचा नाही.
पण मी पाटावर बसून राहिले,
आणि दिवा लावावा
असं वाटलं नाही.